पहाटे समज देऊन सोडले

१२ सप्टें. १९६०, सोमवार
ग्रा.पं.ची मीटिंग. दहाची होती, सुरू झाली साडेअकराला. देवळातली मोठी समई गेली त्याला आज आठ दिवस. त्याआधी वरच्या वाडीत दोन घरं फोडली. सरपंच तात्या म्हणाले, तालुक्याला कळवलं आहे, पोलीस येतील तेव्हा येतील. पान लावत बसले.
मी उठले. बायकांच्या जागेवर बिनविरोध आल्यापासून पहिल्यांदाच उभी राहून बोलले असेन. म्हटलं, गावातली तरुण मुलं घ्या, रात्रीची गस्त ठेवा. पण मोकाट नको. वही ठेवायची. कोण गस्तीला होतं, कोणाला अडवलं, कशासाठी, पुढे काय केलं, सगळं लिहायचं, आणि पंचायतीच्या एका सभासदाने रोज ती वाचून सही करायची.
तात्या : "बाईंनी शाळा सोडली, पण हजेरी घेवची काय सोडूक नाय."
हसले सगळे. मीही. ठराव पास झाला. देखरेखीला तात्या, पोलीस पाटील आणि मी, आळीपाळीने एकेक आठवडा.
मुलांनी म्होरक्या म्हणून मधूचं नाव दिलं. भाचा, लहानपणापासून माझ्याच घरात, म्हणून मी तोंड उघडलं नाही. मनातून बरं वाटलं.

२१ सप्टें.
गस्त सुरू झाली. काठ्या, दोन कंदील, एक शिट्टी. मधू संध्याकाळीच जेवून घेतो. मुंबईहून गिरणीतलं काम सोडून आल्यापासून दोन वर्षं हा मुलगा पडवीत आढ्याकडे बघत पडलेला असायचा. आता चालण्यात फरक आहे. पाटलांच्या सुनेने विहिरीवर सांगितलं, "आता बिनघोर झोप लागता." हे ऐकून दिवसभर खुशीत.

५ ऑक्टो.
मालवणला गेले होते, दाताचं दुखणं. जाता-येता बाबलच्याच होडीतून. खाडी ओलांडायला जवळ दुसरी सोय नाही, वरचा पूल आठ मैलांवर. त्याचा बाप असाच या तरीवर होता, माणसं पलीकडे पोचवायचा. आता हा.
येताना मी एकटीच होते. वल्हवता वल्हवता म्हणाला, "बाई, वारो वाडलो की रात्री मी होडी बगूक जातंय. दोर सुटलो तर गेली ती. तुमची पोरां माका दोनदा शिट्टी मारून उभो केल्यानी."
मी म्हटलं, "त्यांचं कामच आहे ते, बाबल. राग धरू नकोस."
"राग नाय. काम बरा आसा. फकत तेंका सांगा, काठी जमनीक टेकून धरा. माणसाक बगून वर कित्याक करतत?"
मधूला सांगायचं ठरवलं होतं. घरी आले तर दात ठणकत होता. राहिलं.

१४ ऑक्टो., शुक्रवार
देखरेखीचा माझा आठवडा. मधूने चारला वही आणली. मी दिवाळीच्या चकल्यांची भाजणी मळत होते. हात पुसून वाचली.
"बाबल तरीवाला, रात्री १ वा. देवळामागे संशयितरीत्या फिरताना आढळला. चावडीत बसवून ठेवला. पाहटे समज देऊन सोडले."
'पाहटे' लाल पेन्सिलने दुरुस्त करून 'पहाटे' केलं. सही केली. चाळीस चकल्या झाल्या, पंधरा मोडल्या.

१५ ऑक्टो.
सकाळी बाबलची बायको राधा पायरीशी येऊन उभी. म्हणाली, घोव बाबल परवा रात्री होडी बघायला गेला तो आलाच नाही. काल दिवसभर तरीची होडी बंद होती, पलीकडे माणसं हाका मारून परत गेली. होडी दोराला बांधलेली आहे तशीच.
म्हटलं, गस्तीच्या मुलांनी थोडा वेळ बसवला होता, पहाटे सोडला. रागावून गेला असेल कुठे बहिणीकडे, येईल.
मधू आत झोपलेला. उठल्यावर विचारलं. "सोडलाव तेका," म्हणाला आणि तोंड धुवायला विहिरीवर गेला.

१७ ऑक्टो.
नाही आला. बहिणीकडे माणूस पाठवला होता, तिथेही नाही.
रापणीवाल्यांनी खाडीत जाळी टाकून बघितली. धक्क्यापासून मुखापर्यंत, दोन वेळा. काही नाही. अर्धा गाव काठावर उभा होता. जाळं वर येताना माणसं बोलायची थांबत होती.
पोलीस पाटलांनी वही मागवली, सगळ्यांसमोर वाचली. "पहाटे सोडलो म्हणान लिवलेला आसा. खाली बाईंची सही आसा." मग राधेला म्हणाले, "म्हणजे सुटलो तो, गो. तो खंय गेलो ता आता तेकाच ठावक."
राधेने माझ्याकडे बघितलं. तात्यांनीही.

१८ ऑक्टो.
दुपारी राधा आली. "बाई, तुमी बगलात मां तेका जाताना?"
मी म्हटलं, "वहीत लिहिलंय."
"तुमी सही केलात म्हणजे बगला असतलात."
तिला अक्षरओळख नाही. वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. वही माझ्याकडेच होती, आठवडा माझा. वाचून दाखवलं. परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.
'समज देऊन' म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, समजावून सांगून.

२० ऑक्टो.
दिवाळी. अंघोळीनंतर तुळशीपुढे कडू कारेटं फोडलं, पोहे केले, कोणी घशाखाली घातले नाहीत. मधूचा मित्र शंकर फराळाला आला. त्या रात्री गस्तीवर हे दोघंच होते. बाकीचे दोघे दिवाळीच्या सामानाला गेलेले. दोघं पडवीत बसले. शंकरने चकली हातात धरली होती, जाताना तशीच ताटात ठेवली.

२५ ऑक्टो.
आज छान बांगडे मिळाले. तिरफळं घालून केले. मधू ताटावर बसला, वास घेतला आणि उठला. "माका नको." फक्त ताक-भात. मासळीशिवाय ज्याचा घास उतरत नाही तो मुलगा.
मी पहिला घास घेतला. मांजराला घातले.

२९ ऑक्टो.
राधा रोज येते. चारच्या सुमारास. कोणी तिला ती वेळ सांगितलेली नाही, पण मी वही वाचून सही केली तीच वेळ. पडवीच्या खालच्या पायरीवर बसते. आता विचारत नाही काही. मी चहा देते, तो पिते. अर्ध्या तासाने "येतंय" म्हणून जाते.
आज मी मुद्दाम मागच्या दाराने तात्यांकडे गेले. परतले पाचला. तेव्हाही बसलेली होती.

२ नोव्हें.
धक्क्यावर गेले होते. पायऱ्यांवर पाठमोरा एक माणूस, खांद्यावर घोंगडी, बाबल बसायचा तसाच एक पाय पाण्यात सोडून. माझ्या हातातली पिशवी पडली. हाक मारली. वळला तो राधेचा दीर. बाबलची होडी आता तो चालवतो. "काय झाला, बाई?" म्हणाला. काही नाही म्हटलं.
पलीकडे न जाताच परत आले.

८ नोव्हें.
शंकर मुंबईला गेला. मामाने बोलावलं म्हणे. मधूला सांगूनही गेला नाही.
शंकरची आई रेशनच्या दुकानात भेटली. रडवेली. "निजेत बोलायचो बाई. 'पाणी दी तेका, पाणी दी' म्हणायचो. कोणाक रे, म्हणान उठवलंय तर माकाच ढकलल्यान."
हे मला आधी का कळलं नाही, असं लिहिणार होते. पण कळलं होतं. बांगड्यांच्या दिवशीच.

९ नोव्हें.
सकाळी चावडीत गेले. शिपायाकडून मागच्या खोलीची किल्ली घेतली. जन्ममृत्यूची रजिस्टरं बघायची आहेत, असं सांगितलं.
लहान खोली. एक बाक, रॉकेलचे रिकामे डबे, कोनाड्यात कंदिलाच्या काजळीचा डाग. कोपऱ्यात फुटक्या माठाची खापरं रचून ठेवलेली. जमीन शेणाने सारवलेली, पण अर्धीच, बाकाखालची तेवढी.
शिपायाला विचारलं, हे कोणी सारवलं?
"शंकरान. त्याच दिवशी सकाळी. मी म्हटलंय, अरे बाप्या माणूस तू, बायको येतली मगे सारवतली. ऐकूक नाय. कोणी सांगूकय नाय हुता."
बाकावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. शिपाई दोनदा डोकावून गेला. बाहेर मुलांची शाळा सुटली तेव्हा उठले.

१० नोव्हें.
मधूला विचारायचं ठरवून उठले. तो विहिरीवर, तो गोठ्यात, तो बाजारात. जिथे मी जाईन तिथून निघतो आहे.

१३ नोव्हें., रविवार
विचारलं.
तो माजघराच्या उंबऱ्यावर बसला होता. मी समोर बसले. म्हटलं, "शंकरने जमीन का सारवली?"
बोलला ते जसंच्या तसं लिहिते.
"आमी तेका देवळामागे धरलाव. म्हणालो, होडी बगूक चललंय. शंकर म्हणालो, रोज होडीच कशी बगतंस? काठी वर केल्यान. तेणी शंकराची काठी धरल्यान. सोडी ना. मी मारलंय. दोन. एक पाठीर, एक हय."
आणि कानाच्या मागे बोट लावून दाखवलं.
"मगे तो काय बोललो नाय. आमच्यावांगडा चावडीत इलो. बाकार बसलो. पाणी मागल्यान. शंकरान माठ दिल्यान, तो तेच्या हातातसून पडलो. रक्त होता थोडा. फटफटताना उठलो आणि 'जातंय' म्हणालो. मी दार उघडलंय. खाडीच्या बाजूक गेलो, भिंतीक हात लावीत लावीत."
"तू मागे गेलास?"
"नाय."
"का?"
"झोप इल्ली."
मी विचारलं, धक्क्यापर्यंत गेला का? माका ठावक नाय. होडीपर्यंत? माका ठावक नाय, आते.
लहानपणी खोटं बोलताना हा मान खाली घालायचा. आज सरळ माझ्याकडे बघत होता. म्हणून खरं वाटलं. पण लहानपणाला आता पंधरा वर्षं झाली.
वहीतलं ते वाक्य त्याचंच. 'समज देऊन.' काय समज दिली, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं असतं तर माणूस खाडीच्या वाटेवर कुठेतरी सापडला असता कदाचित. पहाटेपासून बारा तास झाले होते. तरीसुद्धा. मी शुद्धलेखन तपासलं.

१४ नोव्हें.
राधा आली, बसली. मी चहा नेला. तिच्या कपाळावर कुंकू मोठं. पूर्वी एवढं लावायची नाही.
सांगणार होते. तोंडातून निघालं, "थंडी पडायला लागली."

१७ नोव्हें.
तात्यांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.
"बाई, तुमचो भाचो आसा."
"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."
"मेलो असा कोणी बगल्यान? अंग गावला? माणूस पळान जाता. गोव्याक जाता, बोटीवर जाता. तुमी सही केलात, आमी ठराव केलो. सगळा रीतसर आसा. आता तुमी म्हणतलात बगूक नाय, तर खोटी सही तुमची. आणि पोरगो आत जातलो तो येगळो."
मग थोडं थांबून, हलक्या आवाजात: "गस्त लागल्यापासून गावात चोरी जाली? सांगा."
नाही झाली. खरं आहे ते.

२२ नोव्हें.
झोप नाही. पहाटे पहाटे खाडीकडून माणसाची हाक ऐकू येते, पलीकडच्या काठावरून तरीवाल्याला घालतात तशी. रोज कोणीतरी जात असेलच त्या वेळी, मासळीवाल्या वगैरे. पूर्वी कधी लक्ष गेलं नव्हतं. आता हाक आली की उत्तर येईपर्यंत श्वास धरून असते. दिराचा आवाज बाबलसारखाच आहे.

५ डिसें., सोमवार
मीटिंग. दोन गोष्टी मांडल्या. एक, गस्त बंद करा. दोन, वही तालुक्याला पाठवा आणि चौकशी मागा. कारण म्हणून एवढंच सांगितलं की मी न बघता सही केली. मुलांची नावं घेतली नाहीत, वहीत आहेतच.
दुसऱ्या सभासद बाई पदराचं टोक पिळत राहिल्या. हात वर झाले दोन. माझा आणि पोलीस पाटलांचा. पाच विरुद्ध.
तात्यांनी वही उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. म्हणाले, बाईंची तब्येत बरी नाही, देखरेखीवरून त्यांना मोकळं करावं. तेही पास.
बाहेर पडताना पोलीस पाटील बाजूला आले. म्हातारा माणूस, पिढीजात पाटीलकीतला. "माजी चूक झाली. मी वही वाचून दाखवलंय आणि प्रकरण मिटवलंय. तुमी आपल्या हातान अर्ज लिवा. पंचायतीचो कागद लागणा नाय तेका. माका इचारल्यानी तर मी आसंय."

६ डिसें.
अर्ज लिहिला. चार वेळा. पहिल्या तीन वेळा मधूचं नाव आलं की पेन थांबायचं. चौथ्या वेळी त्याचं नाव सुरुवातीलाच घातलं, म्हणजे पुढचं लिहिता आलं.
संध्याकाळी त्याला वाचून दाखवला. पाठीमागून करायचं नव्हतं.
"माझा नाव घातलंस?"
"घातलं. माझंही घातलंय."
"मारलंय असा लिवलंस?"
"तू सांगितलंस तसं."
जेवला. उठून स्वतःचं ताट घासून ठेवलं. आजवर कधी घासलं नव्हतं. मी चुलीकडे तोंड करून बसले.

८ डिसें.
तालुक्याला. फौजदार तरुण, देशावरचे. अर्ज दोनदा वाचला. खुर्ची दिली.
"बाई, तुम्ही लिहून देताय की न बघता सही केलीत. याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"
"कळतो."
"आणि हा मधुकर तुमचा कोण?"
"भाचा."
त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, प्रेत नाही, साक्षीदार मुंबईत, वही सरपंचांकडे; चौकशी लावतो, वेळ लागेल. अर्जावर तारखेचा शिक्का मारून पोच दिली. मागितली नव्हती.
परतताना होडीत राधेचा दीर. आज त्याच्याकडे बघता आलं.

९ डिसें.
राधेला सांगितलं. चार वाजता, पायरीवर तिच्या बाजूला बसून. सगळं. दोन काठ्या, माठ, भिंतीला हात लावत जाणं. मी काहीच बघितलं नव्हतं, हेसुद्धा.
ती म्हणाली, "पाणी पिवक गावला नाय तेका?"
मी म्हटलं, माठ फुटला.
"दुसरा भांडा नाय हुता?"
चहा न घेता गेली.

१० डिसें.
आली नाही.

१६ डिसें.
आली नाही. चार वाजले की मी पडवीत जाऊन बसते. पायरीकडे बघवत नाही आणि आतही जाववत नाही. ती येत होती तेव्हा वाटायचं येऊ नये.
गावातली माणसं बोलायची थांबली आहेत. विहिरीवर गेलं की घागरी पटापट भरल्या जातात. मधूला गस्तीवरून काढलं नाही, तो स्वतः जात नाही. काठी पडवीच्या आढ्यावर टाकून दिली आहे.

३ जाने. १९६१
बातमी. पलीकडच्या गावचा एक व्यापारी म्हणाला, वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर बाबलला बघितला, पोती उचलत होता. बारीक झालाय, दाढी वाढलीय, पण तोच.
मधू धावत आला, "आते, जिवंत आसा." मी त्याला असा हसताना ऑक्टोबरपासून पाहिला नव्हता. देवापुढे दिवा लावला, भर दुपारी.

४ जाने.
राधा आणि दीर वेंगुर्ल्याला गेले. मधूने बरोबर येतो म्हटलं. दिराने नको सांगितलं.

७ जाने.
परत आली दोघं. तिथे एक माणूस होता खरा. चार दिवसांपूर्वी मचव्यावर खलाशी म्हणून गेला. गोव्याच्या बाजूला की कारवारच्या, कोणाला माहीत नाही. नाव विचारलं तर कोणी 'भाऊ' म्हणालं, कोणी 'मालवणी'. कानामागे खूण होती का, असं दिराने विचारलं. मुकादम म्हणाला, मुंडासं बांधायचा, दिसलं नाही.
मधूला सांगितलं. तो ऐकून मागच्या दारी गेला. पोफळीला टेकून उभा होता, काळोख पडेपर्यंत.

८ जाने., रविवार
राधा आली. महिन्याने. त्याच पायरीवर बसली. मी चहा ठेवला. प्यायली.
"बाई, तुमका काय वाटता? तो हुतो?"
मी म्हटलं, "मला माहीत नाही, राधे."
मान हलवली. म्हणाली, "सगळे 'होय' म्हणतत नायतर 'नाय' म्हणतत."

२ फेब्रु.
चौकशीचं काही नाही. पोलीस पाटील म्हणाले, तात्यांकडची वही मागवणारा कागद आला होता, तात्यांनी 'सापडत नाही, शोधतो' असं कळवलं. मग पाटलांनी सर्वांदेखत सांगितलं, कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, निळ्या पुठ्ठ्याची. वही गेली तालुक्याला. तात्या रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. तीस वर्षांची ओळख. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली.

१४ फेब्रु.
शिरगणती चालू आहे. शाळेचे गुरुजी घरोघर फिरतायत. खालच्या वाडीत त्यांना माणसं दाद देत नाहीत म्हणून पंचायतीचं कोणीतरी बरोबर हवं होतं. बाकी कोणाला वेळ नव्हता, मी गेले.
राधेचं घर. गुरुजींनी विचारलं, घरात माणसं किती?
"पाच."
गुरुजींनी बोटांनी मोजली. सासू, ती, दोन मुली; दीर वेगळा राहतो. "चार होतात."
"घोव."
"तो इथे राहतो का हल्ली?"
"हयच रवता. कामाक गेलो हा."
गुरुजी नवे आहेत, देवरुखकडचे. त्यांना काही माहीत नाही. माझ्याकडे बघितलं, बाई सांगतील म्हणून. सासू आतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. मोठी मुलगी माझ्याकडे टक लावून.
मी म्हटलं, "गुरुजी, तिचं घर आहे. ती सांगते तसं लिहा."
ते म्हणाले, नियमात बसत नाही, हजर नसलेल्या माणसाचं कुठे आहे ते तरी हवं. राधा म्हणाली, "खंय आसा ता तुमी शोधा. तुमी सरकारचे."
काय लिहिलं ते मी वाकून बघितलं नाही. गुरुजींनी शाई वाळू दिली आणि पुढच्या घरी निघाले.

२१ फेब्रु.
फौजदारांचा कागद आला. २८ तारखेला सकाळी दहाला जबाबाला हजर राहायचं. मी, मधू, तात्या, पोलीस पाटील. शंकरला मुंबईहून बोलावलं आहे.
शंकरच्या आईने येऊन शिव्या दिल्या. पडवीत उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा. मी ऐकून घेतल्या. शेवटी तीच दमून खाली बसली. पाणी दिलं. भांडं तिने दोन्ही हातांनी धरलं.

२४ फेब्रु.
मधू रापणीवाल्यांबरोबर खाडीत उतरतो, असं आज कळलं. आठवड्याभरापासून. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात, खारफुटीच्या मुळांत हात घालून. खेकडे धरतो असं त्यांना सांगतो. टोपली रिकामीच आणतो.

२७ फेब्रु., सोमवार
उद्या जायचं. मधूने सदरा धुऊन दांडीवर टाकला. शंकर आला की नाही, कोणाला ठाऊक नाही. त्याची आई म्हणते येणार नाही, पाटील म्हणतात कालच्या बोटीने उतरला.
दिवेलागणीच्या आधी राधा आली. बसली नाही.
"उद्या मी पण येतंय. ते हापिसातला बोलतले, माका समजाचा नाय. तुमी समजावन सांगा."
मी हो म्हटलं.
जाता जाता वळली. "तो आमच्याच होडीत बसतलो?"
दुसरी होडी नाही, हे तिलाही माहीत होतं. मी म्हटलं, "बसेल. नको असेल तर मधू चालत वरच्या पुलावरून येईल, आठ मैल."
"नको. बसांदे."
मधू आत होता. ऐकलं असणार. ती गेल्यावर बाहेर आला. "आते, उद्या काय सांगू?"
"झालं ते."
"तो दारातसून गेलो. ता खराच आसा."
"मग ते सांग."
"आणि मगे?"
तो परत विचारायला थांबला नाही. सदरा वाळला का ते हाताने चाचपून बघितलं आणि आत नेला. ओहोटी लागायच्या आत निघायचं आहे. होडीत आम्ही पाच माणसं, दीर धरून सहा.